रांग कुठे लावायची ते आधी ठरवा: पुणे ते फोर्ट लॉडरडेल, क्रूझच्या आधीचा प्रवास

पावणेतीन तास! चार वर्षांपूर्वी लेकाकडे अमेरिकेला गेलो तेव्हा तिथल्या एका मोठ्या विमानतळावर इमिग्रेशनच्या रांगेत आम्ही नवरा-बायको इतका वेळ उभे होतो. आमच्या मागेपुढे अर्ध्या तासात चार मोठी विमानं उतरली होती आणि सगळ्यांचं तोंड एकाच दालनाकडे होतं. पुढचं विमान गेलं. रात्र खुर्च्यांवर काढली, पिशवीत उरलेल्या दोन गुळपोळ्या अर्ध्या-अर्ध्या खाल्ल्या. विमान काय, दुसऱ्या दिवशी दुसरं मिळालं. पण यंदा फेब्रुवारीत जायचं होतं ते जहाजावर, आणि जहाज चुकलं की चुकलंच. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजाला प्रवाशांची अंतिम यादी निघण्याच्या ६० मिनिटं आधी सरकारकडे द्यावी लागते, त्यामुळे धावत-धापा टाकत पोचलात तरी चढू देत नाहीत.

जहाज फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या पोर्ट एव्हरग्लेड्स बंदरातून सुटणार होतं. सात रात्री, बहामा आणि मेक्सिको. लेक न्यू जर्सीहून परस्पर तिथे येणार होता. पुण्याहून मी, नवरा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई.

तिकिटं शोधायला बसले तेव्हा धाकट्या दिरांनी तोडगा दिला, "वहिनी, बंदराच्या जवळचा विमानतळ बघा आणि मोकळ्या व्हा." वरवर बरोबर आहे. फोर्ट लॉडरडेलचा विमानतळ आणि बंदर हे अगदी शेजारी, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. पण मुंबईहून तिथे एका थांब्याचं सोयीचं तिकीट मला मिळालं नाही. एका थांब्यात सहज जाता येतं ते मायामीला, दोहा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे. मायामीहून फोर्ट लॉडरडेल रस्त्याने साधारण ४५ किलोमीटर, म्हणजे आपलं पुणे-तळेगावपेक्षा थोडं जास्त. मग मायामीच घ्यावं की!

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, जी आम्हाला मागच्या वेळी कळली नव्हती. अमेरिकेत पहिल्यांदा ज्या विमानतळावर उतरता तिथेच पासपोर्ट तपासतात, तिथेच पट्ट्यावरून बॅगा उचलून कस्टम्समधून न्यायच्या आणि पुढचं विमान असेल तर परत द्यायच्या. बॅगेवर शेवटच्या मुक्कामाचा टॅग असला तरीही. म्हणजे प्रश्न "जहाजाजवळचा विमानतळ कुठला" हा नाहीच. "आपली रांग कुठे आणि किती वाजता लागणार" हा आहे.

याचं उत्तर अंदाजाने शोधायची गरज नाही. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या, म्हणजे सीबीपीच्या, संकेतस्थळावर विमानतळांच्या प्रतीक्षावेळेचा तक्ता आहे. विमानतळ, टर्मिनल आणि तारखा टाकल्या की त्या त्या तासाला किती विमानं उतरली, किती खिडक्या उघड्या होत्या, सरासरी किती थांबावं लागलं आणि जास्तीत जास्त किती, हे सगळं दिसतं. अमेरिकन नागरिकांचा आणि बाकीच्यांचा आकडा वेगळा असतो, आपण बाकीच्यांत. मी मागच्या वर्षीचा तोच आठवडा काढून बघत बसले. नवऱ्याच्या मते हा वेडेपणा होता. सरासरीकडे फार लक्ष देऊ नका, जास्तीत जास्तचा रकाना बघा. आपल्या नशिबी सरासरी येईल असं कुणी सांगितलंय?

मायामीचं गणित असं की दक्षिण अमेरिकेची रात्रभर उडालेली विमानं पहाटेपासून सकाळपर्यंत तिथे उतरतात, आणि युरोपची दुपारी. त्यामुळे एकाच विमानतळावर एका वेळी मोकळं दालन आणि दोन तासांनी जत्रा, असं होऊ शकतं. तिकीट काढताना विमानाची उतरण्याची वेळ या तक्त्याशी जुळवून बघितली तर थोडे पैसे जास्त देऊनसुद्धा दुसरं विमान घ्यावंसं वाटेल.

आम्ही शेवटी मायामी सोडलं आणि अबुधाबीमार्गे न्यूयॉर्क, तिथून फोर्ट लॉडरडेल असं तिकीट घेतलं. कारण एकच: अबुधाबीला अमेरिकेची 'प्रीक्लिअरन्स' सोय आहे. अमेरिकन अधिकारी तिथेच बसतात. पासपोर्ट, ठसे, प्रश्न, कस्टम्स सगळं विमानात चढायच्या आधी उरकतं आणि अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. अशी सोय फक्त सहा देशांत आहे: कॅनडा, आयर्लंड, अरुबा, बहामा, बर्म्युडा आणि अमिराती. कॅनडामार्गे जायचं तर भारतीय पासपोर्टवाल्यांना आधी कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. अबुधाबीत विमानतळाबाहेर पडायचं नसेल तर व्हिसा लागत नाही. आपल्यासाठी सोयीचं ते हेच.

निघालो कोथरूडहून रात्री साडेआठला, पहाटे साडेचारच्या विमानासाठी. रस्त्याला चार तास धरा, उगाच "एक्सप्रेसवे आहे, अडीच तासांत पोचतो" असली बढाई नको. खंडाळ्याच्या घाटात कंटेनर एकमेकांना ओव्हरटेक करायला लागले की आपण मागे बसून फक्त बघायचं. रविवारी संध्याकाळी तर सगळं पुणे आणि लोणावळा मुंबईला परतत असतं, तेव्हा आणखी एक तास वाढवा.

अबुधाबीला तीन तासांचा थांबा होता आणि त्यातलं एक मिनिटही वाया गेलं नाही, हे आधीच सांगते. कमी थांब्याचं तिकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. नव्या टर्मिनलमध्ये अमेरिकेच्या विमानांचा भाग वेगळा आहे. तिथे पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी होते, आम्हाला बूट काढायला लावले, मग पासपोर्टची खिडकी. आत गेल्यावर दुकानांकडे परत फिरता येत नाही, तेव्हा पाणी, चहा, खाणं आधी उरका.

खिडकीवर एक गंमत झाली. अधिकाऱ्याने पडदा आमच्याकडे वळवला आणि त्यावर आमच्या बॅगांचे फोटो! मुंबईत दिलेल्या बॅगा खाली कुठेतरी असतात, तुम्ही फक्त फोटोवरून ओळखायच्या. दोन काळ्या बॅगा बघून नवरा गांगरला, कारण जगातल्या निम्म्या बॅगा तशाच दिसतात. तिसरीच्या मुठीला सासूबाईंनी लाल लोकरीचा गोंडा बांधला होता. "ती आमचीच," त्या मराठीतच म्हणाल्या आणि बोटाने दाखवलं. अधिकारी हसला. म्हणून सांगते, घरात लोकर असेल तर प्रत्येक बॅगेला गोंडा बांधा.

प्रश्न साधेच होते. कुठे चाललात, किती दिवस, कुणाकडे उतरणार, खायचं काय आणलंय. जहाजाचं बुकिंग, एका रात्रीच्या हॉटेलची पावती आणि परतीचं तिकीट कागदावर छापून एका फाईलमध्ये ठेवा. मोबाईलची बॅटरी नेमकी खिडकीवर संपते. खाण्याबद्दल खरं सांगा. आमच्याकडे बाकरवडी, चिवडा आणि मेतकूट होतं, तिन्ही सांगितली, तिन्ही चालली. ताजी फळं, भाजी, बिया, मांस यांच्या वाटेला जाऊ नका, आणि जे आणलंय ते लपवू नका, न सांगितल्याचाच दंड होतो. हे सगळे मिळून रांगेसकट पन्नास मिनिटं लागली.

व्हीलचेअरबद्दल वेगळं लिहायला हवं. सासूबाईंना लांब चालवत नाही म्हणून आम्ही तिकीट काढतानाच नोंद केली होती. ती निदान ४८ तास आधी करा. पण व्हीलचेअर म्हणजे रांग टळते, हा समज पुण्यातल्या आमच्या सोसायटीत फारच पक्का आहे, आणि तो खरा नाही. आपल्याकडून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत व्हीलचेअरवाल्यांची स्वतःची रांग असते, कधीकधी साध्या रांगेहून मोठी, कारण ढकलणारी माणसं मोजकी. ज्यांना खरोखर चालवत नाही त्यांच्यासाठीच ती मागा. आणि सोबत एकानेच जायचं असतं असं सांगितलं तर कोण जाणार हे घरूनच ठरवून निघा. तिथे उभं राहून "तू जा, नको तू जा" करू नका.

न्यूयॉर्कला जेएफकेवर उतरल्यावर मला खरंच चुकल्यासारखं वाटलं. चौदा तासांचा प्रवास करून आलो आणि कुणी काही विचारलंच नाही! सरळ पुढच्या विमानाकडे. बॅगा एकाच तिकिटावर असल्यामुळे परस्पर पुढे गेल्या. दोन वेगळी तिकिटं काढली असती तर बॅगा घेऊन टर्मिनल बदलावं लागलं असतं आणि प्रीक्लिअरन्सचा निम्मा फायदा तिथेच गेला असता. तिकीट एकच ठेवा, चार पैसे जास्त गेले तरी.

आता या मार्गाची वाईट बाजू. फेब्रुवारीतलं न्यूयॉर्क म्हणजे बर्फ. आम्ही विमानात बसलो आणि विमान धावपट्टीऐवजी एका कोपऱ्यात जाऊन थांबलं. दोन ट्रक आले, उंच पाळण्यात बसलेल्या माणसाने पंखांवर आधी केशरी आणि मग हिरवट फवारा मारला. पंखावरचं बर्फ काढायची आणि नवं साचू नये म्हणून लावायची ही द्रावणं. सासूबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, "विमानाला उटणं लावतायत का गं?" पन्नास मिनिटं उशीर झाला. त्या दिवशी पन्नास मिनिटंच होती. वादळ आलं की उड्डाणं थेट रद्द होतात. म्हणजे रांगेचा धोका टाळून आम्ही हवामानाचा धोका पत्करला होता, आणि हे मी तिकीट काढताना नीट धरलं नव्हतं. डिसेंबर ते मार्चमध्ये जाणार असाल तर अबुधाबीहून अटलांटाचं विमान बघा, ते जुलै २०२५ मध्ये सुरू झालं. किंवा न्यूयॉर्कमार्गेच जायचं तर जहाजाच्या निदान दोन दिवस आधी पोचा. आम्ही एकच दिवस ठेवला होता, ते निभावलं एवढंच.

जहाजाच्या दिवशीच सकाळी उतरायचं तिकीट कुणी सुचवलं तर त्या माणसाशी बोलणं बंद करा. एक रात्र तिथे हवीच. आम्ही डानिया बीचला राहिलो. विमानतळ आणि बंदर दोन्ही जवळ. हॉटेलची बंदरापर्यंतची गाडी फुकट असते असं गृहीत धरू नका, आमच्याकडे माणशी पैसे मागितले, चौघांना टॅक्सीच स्वस्त पडली. साडेदहा तासांच्या वेळेच्या फरकामुळे सासूबाई पहाटे तीनला उठून चहाच्या शोधात होत्या, तेवढं सोडलं तर झोप झाली.

जहाजाबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. फक्त कागदपत्रांचं एक: सात रात्रींत तुम्ही अमेरिका सोडून परत अमेरिकेत येता, म्हणून व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना, ते पासपोर्टवर बघा. मध्ये जे देश लागतात त्यांचे नियम जहाज कंपनीच्या यादीत भारतीय पासपोर्टसाठी म्हणून शोधा. अमेरिकन पाहुण्यांना जन्मदाखल्यावर चालतं असं तिथे लिहिलेलं असतं, ते आपल्याला लागू नाही.

परत बंदरावर उतरताना पुन्हा पासपोर्टची रांग असतेच. ती टाळायचा उपाय नाही. फक्त त्या दिवशीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका. आमचं साडेतीनचं होतं, बंदरातून साडेनऊला बाहेर आलो आणि लेकाबरोबर निवांत नाश्ता झाला.

राहिली मुंबईची रांग. आपल्या सरकारची 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन' नावाची सोय जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे. ऑनलाइन अर्ज करायचा, मंजुरीचा निरोप आला की विमानतळावर बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, मग ई-गेटने, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या दारातून, जायचं. फी नाही. मी महिनाभर आधी अर्ज केला आणि जाताना ठसे देऊन टाकले. नवऱ्याला चारदा सांगितलं, चारही वेळा "करतो" म्हणाला.

परत येताना पहाटे मुंबईला मी ई-गेटमधून मिनिटभरात पलीकडे होते. सासूबाई व्हीलचेअरवरून पाठोपाठ आल्या. दोघींनी मिळून पट्ट्यावरून तिन्ही बॅगा उतरवल्या, गोंडा जागेवर होता. चहा घेतला. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "हा राहिला कुठे?" पस्तीस मिनिटांनी तो आला, काही बोलला नाही. उर्से टोलनाक्याच्या आसपास गाडीत मागून आवाज आला, "ती लिंक पाठव जरा."