आमची वाटचाल : प्रिंट स्क्रीनपासून नमुना संस्थेपर्यंत

२०११ साली सांगलीत दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही दोघांनी काम सुरू केलं. पतसंस्था आणि दूध संस्थांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तकं तयार करायची. स्क्रीन जशीच्या तशी छापून दाखवली की गावातला क्लार्क कुणाला फोन न करता व्हाउचर टाकतो, हे पहिल्याच पुस्तकात कळलं.

तेव्हा स्क्रीनचं चित्र घेण्यासाठी कीबोर्डवरचं प्रिंट स्क्रीन दाबायचं, पेंट या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये पेस्ट करायचं, कापायचं, लाल चौकोन काढायचा. आम्ही जेपीजी या चित्रप्रकारात सेव्ह करायचो आणि छापून आल्यावर अनुस्वार, वेलांट्या धुरकट दिसायच्या. पीएनजी या दुसऱ्या प्रकारावर आलो आणि अक्षर स्वच्छ झालं. छापखान्यातल्या काकांनी दुसरा हिशेब शिकवला : १३६६ पिक्सेल रुंदीची स्क्रीन ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, जेमतेम साडेचार इंच भरते. म्हणून चित्र ताणायचं नाही, हवा तेवढाच भाग घ्यायचा. हे आजही पाळतो.

२०१६ मधली गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडच्या एका मुलानं काम लवकर व्हावं म्हणून स्क्रीनचं चित्र घेणारं एक फुकट टूल टाकलं. बटण दाबलं की चित्र थेट इंटरनेटवर चढायचं आणि लिंक मिळायची. एका चित्रात ठेवीदाराचं नाव आणि शिल्लक होती, आणि ती लिंक कुणालाही उघडत होती. मी स्वतः त्या संस्थेच्या मॅनेजर साहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी काम काढून घेतलं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलाला मी बोललो नाही. टूल निवडताना चित्र कुठे जातं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर हाच प्रश्न पहिला. ग्रीनशॉट हे टूल घेतलं : मोफत, मुक्तस्रोत (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला), चित्र ठरवलेल्या फोल्डरमध्ये पडतं, पायऱ्यांचे आकडे तिथेच टाकता येतात. लांबलचक खतावणीसाठी शेअरएक्स, कारण ते स्क्रोल करत पूर्ण पान घेतं. पण त्यातल्या अपलोडच्या पर्यायांवरच्या सगळ्या टिक काढून. घाईच्या कामाला विंडोज-शिफ्ट-एस या कळा एकत्र दाबणं पुरतं.

खातेक्रमांक आम्ही पूर्वी धूसर करायचो. धूसर केलेले आकडे कधी कधी ओळखता येतात, म्हणून आता काळी पट्टी. २०२३ च्या मार्चमध्ये विंडोज ११ मधल्या स्निपिंग टूल या स्क्रीनचं चित्र घेणाऱ्या प्रोग्रॅममधला दोष उघड झाला : कापलेलं चित्र मूळ फाइलवरच सेव्ह केलं, तर कापून टाकलेला काही भाग परत मिळवता येत होता. मायक्रोसॉफ्टनं त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. आम्ही मात्र जुन्या फाइली उघडून एकेक तपासत बसलो, चार दिवस.

आता खऱ्या खातेदाराची स्क्रीन आम्ही घेतच नाही. आमची एक 'नमुना संस्था' आहे, तिचे सभासद, ठेवी, थकबाकी सगळं आम्हीच भरलेलं. आज आम्ही सहा जण आहोत. नवा माणूस आला की पहिले दोन दिवस त्याच संस्थेत खाती उघडत बसतो.