फाइलमध्ये न आलेली नावं

काकांनी खुर्चीत बसायच्या आधीच मोबाईल माझ्यापुढे धरला. "ताई, कलम लावा."

धर्माचा अपमान झाला म्हणून माझ्यासारख्या वकिलाकडे येणारे बहुतेक लोक एकच स्क्रीनशॉट घेऊन येतात, तोही कापलेला. वर तारीख नाही, आधी कोण काय बोललं त्याचा पत्ता नाही. कोर्टाच्या आवारात त्यावरून दहा मिनिटांत अरजी टाइप करून मिळते आणि पुढे केस तिथेच कोसळते. मी आधी पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून घेते. मूळ फोनमधलं काही पुसायचं नाही असं बजावते. मग फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा काढते, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात ती लिहावी लागते. फाइलमधला एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी ती पार बदलते. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

ग्रुप रिटायर झालेल्या सहकाऱ्यांचा, 212 जणांचा. गुरुपौर्णिमेला सकाळी 6.40 ला काकांनी घरच्या पादुकांचा फोटो टाकला होता. गरुडेश्वरला दत्तसंप्रदायातल्या टेंबेस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला जाणाऱ्या त्यांच्या आजोबांनी त्या पूजेत बसवलेल्या. सात मिनिटांनी एका जुन्या सहकाऱ्याचा मेसेज: "लाकूड धुऊन पाणी पिणारे इंजिनिअर कसे झाले?"

काकांना आयटी कायद्यातलं 66-अ हवं होतं, ऑनलाइन आक्षेपार्ह मेसेजसाठीचं. ते 2015 सालीच रद्द झालं. तरी पोलीस पुढे कितीतरी वर्षं ते लावत राहिले, 2021 मध्ये हे सुप्रीम कोर्टापुढे आलं तेव्हा मला मनापासून लाज वाटली होती. उरलं भारतीय न्याय संहितेचं 299, म्हणजे दंड विधानात 1927 साली आलेलं जुनं 295-अ. त्याला जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. नकळत किंवा बेपर्वाईने झालेला त्यात बसत नाही, हे सुप्रीम कोर्टाचा 1957 चा निकाल सांगतो. हा मेसेज मला बेपर्वाईचाच वाटला.

मी दोघांनाही समोरासमोर बसवलं. असल्या भांडणात आमच्यातले बरेच वकील हे टाळतात. फी बुडते ना.

समोरचे गृहस्थ तावातच आले. "1933 मध्ये सयाजीरावांनी शिकागोच्या धर्मपरिषदेत भाषण केलं, आणि त्यांच्या बडोद्यात धर्मावर बोलायचं नाही? तीस वर्षं कँटीनमध्ये मी याच्याशी हेच बोलत आलोय!"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण शिकागोला लोक धर्मावरचं ऐकायलाच जमले होते. काकांनी पहाटे उठून पूजा केली होती आणि ती आपल्या माणसांना दाखवली होती, वाद घालायला नाही.

काका मात्र शांतपणे म्हणाले, "बोललास की. याहून वाईट बोललायस. मी कधी रागावलो?"

ते ऐकून समोरचे गप्प झाले. मीही. मग राग कशाचा?

काकांनी शर्टाच्या खिशातून लाइट बिलाची चौकोनी घडी काढून उलगडली. पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेली अकरा नावं. त्या मेसेजवर हसऱ्या तोंडाचा इमोजी देणाऱ्यांची. मेसेजखालच्या इमोजीवर बोट टेकवून, एकेक नाव बघून त्यांनी उतरवून घेतली होती. बारीक, सुवाच्य अक्षर, ड्रॉइंगवर आकडे लिहिणाऱ्या माणसाचं.

"कँटीनमध्ये आम्ही दोघं असायचो," ते म्हणाले. "इथं दोनशे दहा जण बघत होते. अकरा हसले. बाकी एकानंसुद्धा म्हटलं नाही, अरे, आज राहू दे."

समोरच्यांनी हात जोडले, मेसेज पुसतो म्हणाले. काकांनी नकारार्थी मान हलवली. पुसला तरी तिथं 'मेसेज डिलीट केला' अशी ओळ राहते, ती पुन्हा सगळे बघणार. तक्रार झाली नाही. दोघं एकाच रिक्षाने गेले.

संध्याकाळी मी ती फाइल परत उघडली. एक्सपोर्टमध्ये इमोजीच्या प्रतिक्रिया येत नाहीत. मला हे ठाऊक होतं, पण पुरावा म्हणून त्यांची कधी गरजच पडली नव्हती. 6.47 चा मेसेज होता, शब्दन्‌शब्द, वेळेसकट. ती अकरा नावं नव्हती.

लाइट बिल काका टेबलावरच विसरले होते. सातव्या नावाखाली रेघ होती आणि पुढे कंसात लिहिलं होतं: दरवर्षी आरतीला येतो.