आमची वाटचाल : बाकी २६० रुपये

गेल्या दिवाळीत माझ्या फोटो स्टुडिओला पस्तीस वर्षं झाली. मुलगा म्हणाला, "बाबा, आपली वाटचाल लिहून द्या, अल्बमसारखी छापून गिऱ्हाइकांना वाटू." लिहायला बसलो आणि गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये पेन शोधताना ते पाकीट हाताला लागलं. त्याच्याबद्दल पुढे येईलच. आधी उस्तादांबद्दल लिहिलं पाहिजे.

१९८४ साली मी कराडात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत उस्तादांच्या हाताखाली लागलो. पगार महिना दीडशे. काम म्हणजे हायपोचे, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचे, ट्रे धुणं, लाल दिव्याखाली प्रिंटा हलवत उभं राहणं आणि ओल्या प्रिंटा ग्लेझिंग प्लेटवर रूळ फिरवून चिकटवणं. फिल्मचे रोल ओर्वोचे यायचे, उटीत बनणारा इंदूही चालायचा. पहिली दोन वर्षं उस्तादांनी मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. निगेटिव्हवर पेन्सिलनं टचिंग करायला मात्र सहा महिन्यांतच बसवलं. माझ्या हाताला अजून ती टोकदार पेन्सिल आठवते. आत्ताची पोरं कॉम्प्युटरवर चेहरा असा गुळगुळीत करतात की नवरीच्या आईला नवरी ओळखू येत नाही, पण ते असो.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी, पगार झाला की, ड्रॉइंगचे सर सायकलवरून यायचे. कापडी पिशवीत आग्फाचा क्लिक थ्री. धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी सांगतो : बडोद्याला बनणारा पेटीसारखा कॅमेरा, एकशेवीसच्या रोलवर बारा चौकोनी फोटो, फोकस करायची सोय नाही. सर बाराचे बारा काढून आणायचे. उस्ताद कॉन्टॅक्ट प्रिंटा, म्हणजे निगेटिव्हएवढ्याच लहान, काढायचे आणि सर निवडतील त्या तीन-चार मोठ्या करायचे.

सर विचारायचे, "कसे आलेत?" तसे उस्ताद एकेक प्रिंट उचलून खिडकीकडे वळायचे आणि गप्प व्हायचे. मी मागे उभा राहून मनात आकडे मोजायचो. कधी कधी साठाच्या वर जायचो. मग ड्रॉवरमधून काळ्या पुठ्ठ्याचे दोन एल निघायचे. एल म्हणजे खरोखर एल, काटकोनात कापलेल्या दोन पट्ट्या. एकमेकांवर उलट ठेवल्या की मधे चौकट तयार होते, हवी तेवढी लहानमोठी करता येते.

एकदा सरांनी प्रीतिसंगमावरचा फोटो आणला होता. त्यात घाट, होडी, कळस, आकाश, अर्धं कुत्रं आणि धुणं धुणाऱ्या दोन बायका, सगळं होतं. उस्तादांनी एल ठेवले आणि सरकवायला सुरुवात केली. आकाश गेलं, कळस गेला, कुत्रं गेलं. शेवटी उरली एक बाई, पिळलेलं लुगडं आणि त्यातून खाली पडणारी पाण्याची दोरी. सर वाकून बघत राहिले. म्हणाले, "हा फोटो मी काढलाय?"

"तुम्हीच काढलाय. पाच पावलं पुढं गेला नाहीत, एवढंच."

पुढच्या महिन्यात सर इतके पुढे गेले की सगळेच फोटो धूसर आले. क्लिक थ्रीला फार जवळचं झेपत नाही. उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "आता दोन पावलं मागं." बास. कॅमेरा बदला, लेन्स घ्या, हा तुमचा प्रांत नाही, असं एक अक्षर नाही. आणि "वा, छान" असंही कधी नाही.

मला तेव्हा वाटायचं, म्हातारा वेळ घालवतोय. पासपोर्टचं गिऱ्हाईक बाकावर खोळंबलेलं असायचं.

१९८९ साली मी स्वतःचा दहा बाय बाराचा गाळा घेतला. सेकंडहँड याशिका मॅट १२४ जी कॅमेरा, लाइटच्या दोन छत्र्या, कमळांचं तळं रंगवलेला पडदा. पुढे उस्तादांनी दुकान बंद केलं तेव्हा सर माझ्याकडे यायला लागले आणि दोन्ही एलही माझ्याकडे आले. त्यानंतरची बारा-तेरा वर्षं चांगली गेली. लग्नं झाली, बारशी झाली, घर झालं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

२००३ मध्ये मी मिनीलॅब घेतली, रोल धुऊन प्रिंटा काढणारं मशीन. जुनी, निगेटिव्हवरून छापणारी. सीडीवरून प्रिंट निघत नव्हती, म्हणूनच स्वस्त मिळाली, हे मला नंतर नीट उमगलं. पतसंस्थेचं नऊ लाखांचं कर्ज. कराडात तेव्हा असं मशीन असणं म्हणजे काय होतं ते जुन्या लोकांना विचारा. लोक काचेतून बघायला थांबायचे.

आता मिनीलॅबचं गणित. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, ३७.८ अंशांवर, फिल्म त्यात सव्वातीन मिनिटं. मशीन दिवसभर तापलेलं ठेवावं लागतं, रोल येवोत न येवोत. आणि रोल आले नाहीत तर रसायन नुसतं बसून खराब होतं. म्हणजे मशीनला रोज खायला लागतं. मी वह्या काढून बघितल्या तर दहा रोलांतले सहा-सात माझ्या ऑर्डरींचे नव्हतेच. ते होते हौशी लोकांचे. ट्रेकला जाणारे, नातवाचे फोटो काढणारे आजोबा, कॉलेजची सहल, कासला फुलं बघायला गेलेली मंडळी. माझी लॅब त्यांच्यावर चालत होती आणि मी काउंटरवर त्यांची टिंगल करत होतो. "साहेब, छत्तीसपैकी चार आलेत, बाकी तुमचं बोट आलंय." लोक हसायचे. मला वाटायचं, मी गमत्या माणूस आहे.

२००६ च्या १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला, आमच्या फोटोग्राफर मंडळींनी स्पर्धा घेतली. हौशी गटाचा परीक्षक मी. माझ्याच लॅबमधून आठ बाय बाराच्या प्रिंटा केलेला एक पोरगा होता. जवळच्याच गावात दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायचा. त्याचा फोटो : पहाटे केंद्राबाहेर किटल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका, वर ट्यूबलाइट. फोटो तिरका. फ्लॅश सरळ तोंडावर. पहिल्या बाईचं कपाळ कापलेलं.

हे तिन्ही दोष खरे होते. आजही सांगतो, खरे होते. पण मी माईकवर विचारलं, "कॅमेरा कुठला?"

"केबी टेन." कोडॅकचा साधा, हौशी लोकांचा कॅमेरा.

"मग बरोबर आहे. ह्याला फोटो काढला म्हणत नाहीत, ह्याला कॅमेरा हातातनं पडला म्हणतात."

शंभर माणसं हसली. पोरगाही हसला. त्यानं चार प्रिंटा भिंतीवर लावल्या होत्या आणि आणखी आठ माझ्याकडे छापायला टाकल्या होत्या. त्या घ्यायला तो परत आलाच नाही. दर ४५ रुपये, आठांचे ३६०, पैकी ॲडव्हान्स १००.

बाहेर पडताना ड्रॉइंगचे सर दारात भेटले. म्हणाले, "एल आणायचे राहिले का रे आज?" आणि सायकलवर बसून गेले. मला वाईट वाटलं नाही, राग आला.

पुढची दोन वर्षं मी कुणाला सांगितली नाहीत, आता सांगतो. त्या पोरानं हप्त्यावर डीएसएलआर घेतला. पहिली लग्नं गावातली, चुलत-मावस घरातली, जवळजवळ फुकट. मग माझ्या निम्म्या दरात. २००८ च्या लग्नसराईत माझ्या ठरलेल्या अकरा तारखांतल्या पाच फिरल्या. त्यातल्या दोन घरांत मी आधीच्या पिढीची लग्नं काढली होती. एका काकूंनी तर मला लग्नाला बोलावलं, जेवायला, आणि स्टेजवर कॅमेरा घेऊन तो. पंगतीत बसून मी त्याच्या फ्लॅशचे झटके मोजले. फ्लॅश वर छताकडे वळवलेला होता. कुठून तरी शिकला होता.

दर पाडून धंदा करणं चूक आहे, यावर माझं मत बदललेलं नाही. संघटनेत मी तसा अर्जही दिला. पण लॅब त्यानं बुडवली नाही. दिवसाला चाळीस रोल लागायचे तिथं चार यायला लागले. डेव्हलपर काळपट पडायचा, कंट्रोल स्ट्रिप, म्हणजे रंग तपासायची पट्टी, काढली की रंग भलतीकडेच. आणि ज्या हौशी लोकांनी डिजिटल घेतलं ते प्रिंटा काढायला माझ्याकडे आले नाहीत. माझ्या मशीनवर निघत नव्हत्या हे एक. दुसरं हे की, माझ्या काउंटरवर कुणाला यायचंच नव्हतं. आपला फोटो दाखवून हसू करून घ्यायला पैसे कोण देतो?

त्या दिवसांत मी वापरलेला हायपो कॅनमध्ये भरून विकला, त्यातली चांदी काढणारे न्यायचे. एका महिन्याचं लाइटबिल त्यातूनच भरलं. २००९ च्या मे महिन्यात मिनीलॅब भंगारात गेली, ३८,००० रुपयांना. न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यानं विचारलं, "वॉशिंग मशीन हाय का?"

पतसंस्थेचं कर्ज २०१४ ला फिटलं. ते आयकार्डांवर फिटलं, शाळांची आयकार्डं. कलेच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

या सगळ्या काळात ड्रॉइंगचे सर मात्र येत राहिले. डोळे अधू झाले, कॅमेरा तोच. शेवटी शेवटी रोल मी पुण्याहून मागवायचो आणि डार्करूममध्ये हातानं डेव्हलप करायचो, एकट्या त्यांच्यासाठी. एल काढायचो, खिडकीकडे वळायचो. गप्प राहणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. पाचव्या सेकंदाला जिभेवर येतं : "होरायझन तिरका आहे सर." ते त्यांनाही दिसत असतं. आपण थांबलो की माणूस स्वतःच सांगतो, मला इथं हे पाहिजे होतं. आणि त्याला काय पाहिजे होतं हे कळल्याशिवाय आपण काय डोंबल सांगणार?

धंद्यातली पोरं विचारत नाहीत, तरी सांगून ठेवतो. हौशी माणूस फोटो दाखवायला आला की एका वेळी एकच दोष सांगा, तोही पुढच्या रविवारी सुधारता येईल असा. कॅमेरा कुठला हे शेवटी विचारा, नाही विचारलं तर उत्तमच. त्याचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय आपल्या कॉम्प्युटरवर "जरा ठीक करून" दाखवू नका, ते दुसऱ्याच्या पोराला आपल्या घरी नेऊन अंघोळ घालण्यासारखं आहे. आणि नुसतं "मस्त, मस्त" म्हणून वाटेला लावू नका, त्याला ते कळतं. आपण कोण लागून गेलो? एवढे मोठे फोटोग्राफर राजा दीनदयाळ, ते इंदूरला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते, फोटोचा नाद नोकरी सांभाळून लागला. कोडॅकचा जॉर्ज ईस्टमन बँकेत कारकून. मी स्वतः हायपोचे ट्रे धुणारा.

तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मला पक्ष्यांचा नाद लागला. मुलाचा कॅमेरा घेऊन पहाटे नदीकडे जातो. एकदा खंड्या मिळाला, चोचीत मासा. चाळीस वर्षं कॅमेरा धरलेला माणूस मी, पण हात थरथरला. तिथं वाइल्डलाइफवाला एक तरुण होता, त्याला स्क्रीन दाखवली. त्यानं अर्धा सेकंद बघितलं. "रेकॉर्ड शॉट आहे काका. लेन्स कुठली?" रेकॉर्ड शॉट म्हणजे पक्षी दिसला एवढ्या नोंदीपुरता फोटो.

घरी येईपर्यंत मी त्याला देण्याची सतरा उत्तरं तयार केली. मी कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी खंड्या तेवढाच लांब होता.

तर ते पाकीट. पेन शोधताना निघालं. बाहेर माझ्या अक्षरात पोराचं नाव, तारीख, "बाकी २६०". आत आठ प्रिंटा, रंग थोडे लालसर झालेले. एल ड्रॉवरमध्येच होते. सातव्या प्रिंटेवर डावीकडून सरकवत आलो. ट्यूबलाइट गेली, भिंत गेली, ते कापलेलं कपाळ गेलं. किटलीच्या कडीवर तीन हात राहिले, एकावर एक, आणि मधल्या हातात हिरव्या बांगड्या.

बायकोला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "कुणी काढलाय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग करा की फोन."

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. आता त्याचा मोठा स्टुडिओ आहे, चार पोरं हाताखाली, ड्रोन आहे. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला, कारण पहिलं वाक्य ठरत नाही. २६० मात्र मागणार आहे. प्रिंटा माझ्या कागदावर आहेत.