चीटग्रासचा हिशोब मांडताना

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, रीनोच्या विद्यापीठात एम.एस.साठी मी तिथल्या सेजब्रश नावाच्या झुडपांच्या माळरानाचा विषय घेतला. तिथे माजणारं चीटग्रास हे गवती तण आवरायला आधीच पैसे घालावेत की आग लागून गेल्यावर, एवढाच प्रश्न होता.

उन्हाळ्यात माळावर नोंदी घेताना त्याची कुसळं मोज्यांत घुसून टोचत राहायची. चांगल्या माळावर सेजब्रशची झुडपं, गवताचे थोंब आणि मधे उघडी माती असते, त्यामुळे आग सहज पसरत नाही. चीटग्रास नेमकी ती उघडी जागा भरून टाकतं आणि जूनपर्यंत वाळून खडखडीत होतं. सेजब्रश जळालं की बुंध्यापासून पुन्हा फुटत नाही. चीटग्रास मात्र पुढच्या पावसाला उगवतं. पूर्वी कित्येक दशकांनी लागणारी आग मग काही ठिकाणी पाच-दहा वर्षांत परत येते. नेवाडातल्या 2018 च्या मार्टिन फायर या वणव्यात सुमारे 4,35,000 एकर जळालं.

खर्चाची बाजू लिहायला सोपी गेली: तणनाशक, बी, पेरणी, मजुरी. आग टळली तर वाचणारा विझवण्याचा खर्च आणि आगीनंतर साधारण दोन हंगाम चराई बंद राहिल्याने होणारं, पण टळलेलं नुकसान जमेच्या बाजूला गेलं. खरी डोकेदुखी डिस्काउंट रेटची, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायला दरवर्षी किती टक्के कमी धरायचे त्या दराची. तीस वर्षांनी वाचणाऱ्या 100 डॉलरची आजची किंमत 3 टक्क्यांनी 41 डॉलर होते, 7 टक्क्यांनी जेमतेम 13. दर बदलला की निष्कर्ष डळमळायचा, म्हणून दोन्ही दरांनी आकडे मांडले.

दोन्हींत एक गोष्ट टिकली. अजून बऱ्या असलेल्या माळावर घातलेला पैसा वसूल होतो. पूर्ण चीटग्रास झालेल्या सखल, कोरड्या जमिनीवर सहसा होत नाही, कारण तिथे पेरलेलं बी फार वेळा वाया जातं. ती जमीन सोडून द्या असं कागदावर लिहिणं मला जड गेलं. सेज ग्राऊस हा पक्षी सेजब्रशवरच जगतो, आणि त्याची किंमत माझ्या रकान्यांत बसत नव्हती. तसं मी प्रबंधात स्पष्ट लिहिलं.

मसुदा दाखवला तेव्हा माळावर गुरं चारणाऱ्या एका रँचवाल्या काकांनी विचारलं, "खर्च कोण करणार आणि वाचणार कोणाचे?" नेवाडातली सुमारे 80 टक्के जमीन केंद्र सरकारची. शिवाय तण आवरण्याचा पैसा एका तरतुदीतून येतो आणि आग विझवण्याचा दुसऱ्या, त्यामुळे वाचलेला पैसा खर्च करणाऱ्याच्या हाती परत येत नाही. मग प्रत्येक रकमेपुढे ती कोणाच्या खिशातून जाते आणि कोणाच्या खिशात राहते, असा वेगळा तक्ता जोडला. तोंडी परीक्षेत समितीने सगळ्यात जास्त प्रश्न त्याच तक्त्यावर विचारले.