फोर्क पहाटे 3 वाजून 19 मिनिटांनी

इथेरियम या ब्लॉकचेनचं फुसाका अपग्रेड (म्हणजे फोर्क, ठरलेल्या क्षणी सगळ्यांनी एकदम नव्या नियमांवर जाणं) झालं 3 डिसेंबर 2025 ला, असं सगळीकडे वाचायला मिळेल. नागपुरात तेव्हा 4 तारीख लागली होती, पहाटेचे 3:19. कॅलेंडरवर नुसता 3 ला गोल करून ठेवला, तर माणूस एक रात्र आधीच जागून बसतो. यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, वेळ धरायची, त्यात साडेपाच तास मिळवायचे आणि मगच ड्युटी लावायची.

त्या रात्री खरं तर करण्यासारखं काही उरायलाच नको. काम आधीच्या दोन आठवड्यांचं.

नोड, म्हणजे नेटवर्कमधलं आपलं मशीन, चालतं दोन प्रोग्रॅमवर: व्यवहार चालवणारा एक्झिक्युशन क्लायंट आणि कोणता ब्लॉक खरा ते इतरांशी ठरवणारा कन्सेन्सस क्लायंट. ते 8551 पोर्टवर बोलतात, दोघांकडे एकच जेडब्ल्यूटी फाइल (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) लागते. अपग्रेडचेही दोन तुकडे असतात, एक्झिक्युशनकडे ओसाका आणि कन्सेन्ससकडे फुलू. एकच बाजू अपडेट करून हात झटकणारे दर वेळी सापडतात. फोर्कपर्यंत सगळं छान चालतं, म्हणून कळतही नाही. मग नोड फोर्कच्या आधीच्या ब्लॉकवर अडकतो आणि पीअर (जोडलेले इतर नोड) एकेक करून सोडून जातात.

तपासायचं कसं? गेथ हा एक्झिक्युशन क्लायंट सुरू केला की लॉगच्या सुरुवातीलाच फोर्कची यादी छापून येते. त्यात ओसाकासमोर 1764798551 हा आकडा दिसला पाहिजे, म्हणजे 1970 पासून मोजलेले सेकंद. नसेल, तर जुनंच सॉफ्टवेअर पुन्हा उठलंय. डॉकरवाल्यांचं (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या डब्यात चालवणाऱ्यांचं) हे ठरलेलं दुखणं आहे: नवी इमेज ओढली, पण कंटेनर फक्त रीस्टार्ट केला. रीस्टार्टने जुन्याच इमेजवरचा कंटेनर उठतो, तो नव्याने बनवावा लागतो. शिवाय डॉकर थांबवताना डीफॉल्टने 10 सेकंद वाट बघतो आणि मग गळाच आवळतो. गेथला डेटाबेस नीट मिटायला तेवढं पुरेलच असं नाही. ही मुदत 5 मिनिटं करून ठेवा.

आता आपल्या गावाचं. फुसाकाच्या आधीचं अपग्रेड पेक्ट्रा आलं 7 मे 2025 ला, दुपारी 3:35 ला. मे महिन्यातली दुपार म्हणजे इथे काय असतं ते सांगायला नको. एनव्हीएमई डिस्क 70-80 अंशांकडे गेली की स्वतःहून मंदावते, ब्लॉक मागे पडायला लागतात. कूलरची हवा थेट मशीनवर सोडू नका राजेहो, त्यात ओल असते. लाइन गेली की नोड इन्व्हर्टरवर चालू राहतो आणि फायबरचा डबा साध्या सॉकेटवर मरून पडलेला असतो, हे तर हमखास. डबा आणि राउटर दोन्ही बॅकअपवर घ्या, आणि इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे ना ते बघा. नाहीतर लाइनवरून बॅटरीवर जाण्याच्या त्या क्षणी मशीन रीबूट होतं.

लाइनच्या धास्तीने व्हॅलिडेटरच्या (इथर गहाण ठेवून ब्लॉकवर सही करणाऱ्याच्या) चाव्या क्लाउडवर पण चालू करून ठेवायचा मोह होतो. अजिबात नको. काही तास बंद राहिलात, तर तेवढ्या वेळात जेवढं मिळालं असतं साधारण तेवढाच भुर्दंड पडतो. एकाच चाव्या दोन ठिकाणी चालल्या आणि दुहेरी सही गेली, तर स्लॅशिंग होऊन (गहाण रक्कम कापली जाऊन) व्हॅलिडेटर कायमचा बाहेर.

एक्स्चेंज, पेमेंट, इंडेक्सर (ब्लॉकचेनवरचा डेटा शोधता येईल असा लावून ठेवणारी सेवा) चालवणाऱ्यांचं काम वेगळं, आणि नोडवाल्यांपेक्षा जास्त. फुसाकापासून एका व्यवहाराला 1,67,77,216 गॅसची (गॅस म्हणजे व्यवहाराला लागणाऱ्या कामाचं माप) मर्यादा आहे. शेकडो पत्त्यांना एका फटक्यात पैसे वाटणारी बॅच त्यावर गेली तर नाकारली जाते, तिचे तुकडे करावे लागतात. पेक्ट्राने त्याआधीच एक जुनं गृहीतक मोडलं: साध्या खात्याच्या पत्त्यावरही आता कोड असू शकतो. ‘कोड आहे म्हणजे कॉन्ट्रॅक्ट’ (ब्लॉकचेनवरचा प्रोग्रॅम) अशी तपासणी कुठे लिहिली असेल तर शोधून काढा.

आणि टेस्टनेट (सरावाचं नेटवर्क) पास झालं नाही तोवर मेननेटची (खऱ्या पैशांच्या नेटवर्कची) घाई नको. 24 फेब्रुवारी 2025 ला होलेस्की या टेस्टनेटवर पेक्ट्रा चालू झालं तेव्हा गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तिन्ही एक्झिक्युशन क्लायंटांत डिपॉझिट कॉन्ट्रॅक्टचा (जिथे व्हॅलिडेटरची गहाण रक्कम जमा होते) पत्ता चुकीचा निघाला. एका चुकीच्या ब्लॉकवर बहुसंख्य नोड गेले आणि फायनॅलिटी (ब्लॉक आता मागे फिरणार नाही ही खात्री) परत यायला 10 मार्च उजाडला. बहुमत होतं, पण चुकीच्या बाजूला. म्हणून सेवा चालवत असाल तर निदान दोन वेगळे एक्झिक्युशन क्लायंट ठेवा, आणि दोघांचे ब्लॉक हॅश (ब्लॉकचा डिजिटल ठसा) जुळत नसतील तर विड्रॉल आपोआप थांबतील अशी सोय करा.

फोर्कच्या थोडं आधी ग्राहकांचे डिपॉझिट-विड्रॉल बंद करायचे. एक एपोक (ब्लॉकांचा ठरलेला गट) 6.4 मिनिटांचा, फायनलाइज व्हायला दोन लागतात. फोर्कनंतरचा पहिला एपोक फायनलाइज झालेला दोन्ही नोडवर दिसला, की आधी डिपॉझिट उघडा. विड्रॉल आणखी अर्ध्या तासाने.