घोडा नाचत नव्हता

"काही नाय होत ताई, त्याला सवय आहे." काल वरातीत घोडेवाले काका असं म्हणाले आणि ते वाक्य काही डोक्यातून जात नाहीये.

डीजेची गाडी घोड्याच्या अगदी तोंडासमोर, बेस असा की आपल्याच छातीत धडधड व्हावी, आणि तो पांढरा घोडा जरीची झूल, गोंडे वगैरे घालून पुढचे पाय उचलून उचलून आपटत होता. पोरं ओरडतायत, बघ बघ घोडा नाचतोय! मी जवळ गेले तर दोन्ही कान मागे चिकटलेले, डोळ्यातला पांढरा भाग दिसतोय, लगामापाशी फेस. नाच कसला, घाबरलाय तो! घोड्याचे कान चाहूल घ्यायला जवळजवळ अर्धगोल फिरतात, आणि आपण त्याच कानांपुढे स्पीकरची भिंत उभी करतो.

गाण्याशी माझं वैर नाही ओ. लहानपणी वरातीत बँडवाले क्लॅरिनेट वाजवत चालायचे, ते सूर आठवले की आजही अंगावर काटा येतो, मी स्वतः नाचते वरातीत.

प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून 1960 चा कायदा आहे, पण त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती तर 10 ते 50 रुपये! नवरदेवावरून याहून जास्त पैसे ओवाळून टाकतात. खूप वाईट वाटतं.

नवरदेव फुलांच्या गाडीतून आला, चालत आला, तर लग्नात नेमकं काय कमी पडतं? तुमच्या घरात यंदा लग्न असेल तर बैठकीत हा विषय काढाल का?