माझं हरकतपत्र कौन्सिलने उघड्यावर टाकलं

शेजाऱ्यांनी मागच्या बाजूला वाढीव बांधकामासाठी अर्ज केला होता. इंग्लंडमध्ये अशा अर्जावर कुणीही हरकत घेऊ शकतं आणि ती नाव-पत्त्यासह कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, वेबसाइटवर प्लॅनिंगच्या (बांधकाम परवानगीच्या) पानावर जाहीर होते. ते मला मान्यच होतं. पण फोन नंबर, ईमेल, सही हे सगळं आधी झाकायचं असतं. आमच्या कौन्सिलने पत्र स्कॅन केलं आणि जसंच्या तसं चढवलं. त्यात मुलाच्या दम्याबद्दलही लिहिलं होतं, कारण धूळ हाच माझा मुख्य मुद्दा होता. कळलं कसं, तर शेजाऱ्यांच्या बिल्डरचा थेट माझ्या मोबाइलवर फोन आला. बापडा आधी मुलाची तब्येत विचारत होता!

सगळ्यात आधी पानाचे स्क्रीनशॉट घेतले, वेब-पत्ता आणि तारीख दिसेल असे. कागद एकदा उतरवला की पुरावाही गेला. हेल्पलाइनवाल्यांनी प्लॅनिंगकडे पाठवलं, प्लॅनिंगने परत हेल्पलाइनकडे. खरं दार वेगळंच आहे. प्रत्येक कौन्सिलला डेटा प्रोटेक्शन ऑफिसर, म्हणजे लोकांची खाजगी माहिती नीट जपली जाते का ते बघणारा अधिकारी, नेमावाच लागतो आणि त्याचा ईमेल वेबसाइटच्या तळाशी, प्रायव्हसी नोटिशीत दडलेला असतो.

त्याला लिहिताना राग बाजूला ठेवला आणि नेमकं विचारलं. कागद किती दिवस दिसत होता? कितीदा उघडला गेला? कोणत्या कायदेशीर आधारावर टाकलात? ही घटना डेटा ब्रीच (खाजगी माहिती फुटणं) म्हणून नोंदवलीत का? लोकांना धोका संभवत असेल तर ७२ तासांत आयसीओला, म्हणजे खाजगी माहितीच्या नियमांवर देखरेख करणाऱ्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाला, कळवावं लागतं. शिवाय आरोग्याची माहिती ‘स्पेशल कॅटेगरी’त मोडते, तिथे नियम आणखी कडक. त्याच ईमेलमध्ये सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्टही टाकली : माझ्याबद्दलची जी माहिती तुमच्याकडे आहे ती द्या, आपसातल्या ईमेलसकट. याला पैसे पडत नाहीत. उत्तर महिन्याभरात द्यावं लागतं, प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने घेता येतात.

पत्र लगेच उतरवलं गेलं. पाठोपाठ ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ छापाचा माफीनामा आला, प्रश्नांना मात्र बगल. खरा माल निघाला तो रिक्वेस्टच्या उत्तरात. कामं तुंबली आहेत म्हणून झाकाझाक न करताच कागद चढवायचं आपसात ठरलं होतं, ते ईमेलमध्ये लिहिलेलं सापडलं. आणि गंमत बघा, त्या गठ्ठ्यात कर्मचाऱ्यांची नावं काळ्या पट्ट्यांनी अगदी नीटनेटकी झाकली होती. म्हणजे झाकता येतं यांना!

कौन्सिलचं शेवटचं उत्तर हाती आल्यावर आयसीओकडे तक्रार केली. आधी त्या संस्थेकडे तक्रार केलेली असावी लागते आणि नंतर फार वेळ दवडायचा नाही. तीन महिन्यांच्या आत जावं असं तेच सांगतात. पुढे नुसती वाट बघणं.

दंडाची आशा मी धरली नव्हती. २०१७ मध्ये बॅसिल्डन कौन्सिलला जवळजवळ अशाच चुकीसाठी, प्लॅनिंगच्या कागदांत एका कुटुंबाची खाजगी माहिती उघड केल्याबद्दल, दीड लाख पौंडांचा दंड झाला होता. पण २०२२ पासून सरकारी संस्थांना दंडापेक्षा समज देण्याकडे आयसीओचा कल आहे. पटण्यासारखं आहे, दंड शेवटी आपल्याच कौन्सिल टॅक्समधून जायचा. मला राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा : आयसीओ भरपाई मिळवून देत नाही. ती कौन्सिलकडे मागायची, नाहीतर कोर्टात. मनस्तापाचीही मागता येते.

कौन्सिलने नियम पाळले नाहीत, असं आयसीओने अखेर लेखी कळवलं आणि कागद तपासण्याची पद्धत सुधारायला सांगितलं. त्या पत्राची प्रत जोडून मी भरपाई मागितली आहे. आता कौन्सिलची विमा कंपनी विचारतेय, नेमकी रक्कम किती. शेजाऱ्यांचं बांधकाम केव्हाच मंजूर झालं, धूळ चालू आहे.